धनुष्याची साईट निवडताना: नाशिकच्या तिरंदाजांसाठी

धनुष्यासाठी साईट, म्हणजे नेम धरण्यासाठी धनुष्यावर बसवायचे साधन, घ्यायची म्हणून इंटरनेटवर शोध घेतला, की सर्वांत आधी दिसतात त्या शिकारीसाठी बनवलेल्या साईट. तीन, पाच किंवा सात पिना, अंधुक उजेडातही पिना दिसाव्यात म्हणून जोडलेला छोटा दिवा आणि सगळ्याभोवती जाड संरक्षक कडे, असे त्यांचे रूप असते. ही रचना अमेरिकेसारख्या देशांतील शिकाऱ्याच्या गरजेतून आली आहे. झाडावर मचाण बांधून बसलेल्या त्या माणसाला हरीण वीस यार्डांवर येईल की चाळीस यार्डांवर, हे आधी ठाऊक नसते आणि आयत्या वेळी साईट फिरवत बसण्याची सवडही नसते, म्हणून प्रत्येक अंतरासाठी वेगळी पिन आधीच लावून ठेवलेली असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि या कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. त्यामुळे त्र्यंबक, पेठ किंवा सुरगाण्याच्या जंगलात धनुष्य घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये. नाशिकमध्ये साईट लागते ती मैदानावर, मोजलेल्या अंतरावरच्या टार्गेटसाठी, आणि तिथे सात पिनांतल्या सहा पिना केवळ दृष्टीला अडथळा करतात.

साईटच्या आधी धनुष्याचा प्रकार पक्का असला पाहिजे. बांबूच्या धनुष्याला रिकर्व्हच्या, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या, रायझरसारखी (मुठीच्या मधल्या भागासारखी) स्क्रू बसवण्याची आट्यांची भोके नसतात, म्हणून तिरकमठ्यावर किंवा इंडियन राउंड या भारतीय स्पर्धाप्रकाराच्या धनुष्यावर हात बसवणाऱ्या मुलांच्या पालकांनी महागडी साईट आधीच घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. तो खर्च रिकर्व्ह किंवा कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेले धनुष्य, हाती आल्यावर करावा. बेअरबो, म्हणजे नेमाची साधने न लावता खेळायच्या, प्रकारात तर साईट चालतच नाही.

रिकर्व्ह आणि कंपाउंड यांच्या साईट एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत, कारण दोन्ही प्रकारांचे नियम वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रिकर्व्हच्या साईटला भिंग, धनुष्य सरळ उभे आहे का ते दाखवणारा बुडबुडा आणि पीप, म्हणजे नेम पाहण्यासाठी दोरीत बसवलेले भोक, यांपैकी काहीही चालत नाही. नेम धरण्याचा बिंदू एकच असावा लागतो आणि नेमाच्या रेषेत त्या भागाची लांबी २ सेंटीमीटरपेक्षा जास्त असू नये. कंपाउंडला भिंग, बुडबुडा आणि पीप या तिन्ही गोष्टींची मुभा आहे. विजेवर चालणारी साईट मात्र दोन्हीकडे वर्ज्य आहे, त्यामुळे दिवा लावलेली पिन स्पर्धेच्या तपासणीत अडकते. अंतरांचेही तसेच आहे. रिकर्व्हचे प्रौढ खेळाडू ७० मीटरवर १२२ सेंटीमीटरच्या टार्गेटवर बाण सोडतात, अठरा वर्षांखालील खेळाडू ६० मीटरवर खेळतात आणि कंपाउंडसाठी ५० मीटरवर ८० सेंटीमीटरचे टार्गेट असते. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हापासून कंपाउंडकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. परंतु पुढे कोणता प्रकार खेळायचा हे प्रशिक्षकाशी बोलून ठरल्याखेरीज साईटची ऑर्डर देऊ नये.

डोळ्याची तपासणीही खरेदीच्या आधीची. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये एक लहान फट ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत तशीच दिसत राहते तो प्रबळ डोळा होय. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर कोणत्या हाताने ओढायचे याचा निर्णय आधी व्हायला हवा, कारण अनेक साईट उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगवेगळ्या मिळतात.

आता मुख्य गोष्ट. साईटचा खरा गुण म्हणजे ती जिथे लावली तिथेच राहणे, आणि हे वाटते त्यापेक्षा किती महत्त्वाचे आहे ते साध्या गणिताने कळते. डोळ्यापासून पिन साधारण ९० सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर पिन १ मिलिमीटर सरकली की ७० मीटरवर बाण जवळपास ७८ मिलिमीटर सरकतो. १२२ सेंटीमीटरच्या टार्गेटवर एका गुणाच्या वलयाची रुंदी ६१ मिलिमीटर असते. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढ्या ढिलाईने एक पूर्ण गुण जातो आणि खेळाडू आपल्या सोडण्यात खोट शोधत बसतो. म्हणून दुकानात किंवा ओळखीच्या खेळाडूकडे साईट हातात मिळाली, तर रंग आणि नाव बाजूला ठेवून आधी ती हलवून पाहावी. साईट पुढे धरणारी पट्टी कंसात घट्ट बसवल्यावर पिनेच्या टोकाला बोटाने हलके दाबले असता खटका किंवा लचक जाणवू नये. मग वर-खाली करणारी चकती दहा क्लिक वर आणि दहा क्लिक खाली फिरवावी. पिन नेमकी मूळ खुणेवर यायला हवी. हीच परीक्षा डाव्या-उजव्या समायोजनाचीही घ्यावी. स्वस्त साईटमध्ये बहुधा इथेच फसगत होते, कारण आट्यांमधल्या पोकळीमुळे पहिले एक-दोन क्लिक नुसतेच फिरतात आणि पिन जागची हलत नाही. क्लिक किती बारीक आहे हेही विचारावे. एका क्लिकने पिन ०.०५ मिलिमीटर सरकत असेल, तर वरच्याच हिशेबाने ७० मीटरवर बाण सुमारे ४ मिलिमीटर सरकतो, आणि एवढी सूक्ष्मता कोणालाही पुरेशी आहे. शिबुया किंवा ॲक्सेल या कंपन्यांच्या साईटना खेळाडू जास्त पैसे मोजतात ते प्रामुख्याने या घट्टपणासाठी.

पिनेची जाडी निवडताना बरेच जण ठळक दिसते म्हणून जाड पिन घेतात. ०.०२९ इंचाची पिन ५० मीटरवर सुमारे ४ सेंटीमीटर भाग झाकते, ०.०१९ इंचाची पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास, तर ०.०१० इंचाची दीड सेंटीमीटरहूनही कमी. कंपाउंडच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचे असल्यामुळे जाड पिनेखाली त्याचा निम्मा व्यास जातो. रिकर्व्हसाठी मला पिनेपेक्षा मोकळी गोल कडी अधिक पटते, कारण पिवळे केंद्र कडीत आपोआप मध्यावर धरण्याची डोळ्याला सवय असते आणि बिंदू अगदी केंद्रावर रोखून ठेवण्याचा ताण राहत नाही.

कंपाउंडच्या स्कोपमध्ये, म्हणजे भिंग बसवलेल्या कड्यात, भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये सांगतात. जास्त ताकदीचे भिंग घेण्याचा मोह होतो, परंतु भिंग टार्गेटबरोबर हाताचा कंपही मोठा करून दाखवते आणि नवखा खेळाडू तो कंप थांबवण्याच्या नादात रिलीजचा, म्हणजे दोरी सोडण्याच्या उपकरणाचा, खटका घाईने दाबतो. ०.५० डायॉप्टरपासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. पीपचे भोक स्कोपच्या कड्याशी जुळते घ्यावे. दोरी पूर्ण ओढल्यावर दोन्ही वर्तुळे एकात एक, सर्व बाजूंनी सारखी फट ठेवून दिसली पाहिजेत. बुडबुडा असलेल्या साईटला तो धनुष्याच्या उभ्या रेषेशी काटकोनात लावण्याची सोय, म्हणजे दुसऱ्या अक्षाचे समायोजन, असावेच. तिसऱ्या अक्षाचे समायोजन चढ-उतारावर बाण सोडणाऱ्यांना लागते. सपाट मैदानावरच खेळणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे घालू नयेत.

पट्टीची लांबी हा कमी ओढीच्या, म्हणजे दोरी ओढायला कमी जोर लागणाऱ्या, धनुष्यांसाठी कळीचा प्रश्न आहे. साईट जितकी डोळ्यापासून दूर तितका नेम बारीक धरता येतो; मात्र लांबच्या अंतरासाठी पिन खाली आणावी लागते आणि कमी पौंडांच्या धनुष्यावर ती इतकी खाली येते की बाणाची पिसे तिला घासून जातात किंवा पिन वर-खाली सरकण्याची जागाच संपते. अशा वेळी साईट पुढे धरणारी पट्टी आत ओढली, की त्याच जागेत जास्त अंतर बसते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांसाठी आत-बाहेर सरकणारी पट्टी घ्यावी. ओढ वाढत जाईल तशी ती पुढे नेता येते.

नाशिकच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात स्कोपच्या भिंगावर थेंब बसतात आणि हिवाळ्यातल्या सकाळी थंड भिंगावर श्वासाची वाफ धरते, त्यामुळे मऊ कापड जवळ असावे आणि भिंग सहज काढता येणारे असावे. फायबरची पिन दुपारच्या उन्हात इतकी फुलून दिसते की तिची कड पुसट होते. तिच्यावर येणारा उजेड कमी करता येतो का, हे घेण्यापूर्वी पाहावे. पिवळ्या केंद्रावर पिवळी पिन हरवते, म्हणून हिरवी किंवा लाल बरी.

बजेट मर्यादित असेल तर आधी ओढीला आणि उंचीला जुळणारे बाण घ्यावेत आणि उरलेल्या रकमेत साईट बसवावी. चुकीच्या कडकपणाच्या बाणांना कोणतीही साईट एका जागी आणू शकत नाही. वापरलेली चांगली साईट ही नव्या कामचलाऊ साईटपेक्षा कितीतरी वेळा सरस ठरते. फक्त तिचे आटे झिजलेले नाहीत, स्क्रूंची डोकी शाबूत आहेत आणि पिनेच्या आट्यांचे माप बाजारात मिळते, एवढे तपासावे.

साईट बसवल्यावर पट्टीवर पेन्सिलीने बारीक खूण करून बाण सोडावेत आणि शेवटी खूण सरकली का ते पाहावे, विशेषतः कंपाउंडवर, जिथे दणक्याने स्क्रू सुटतात. समायोजन करताना साईट बाणाच्या मागे जाते: बाण वर लागत असतील तर साईट वर, डावीकडे लागत असतील तर डावीकडे न्यावी. एका बाणावरून मात्र साईट कधीही हलवू नये. पाच-सहा बाणांचा पुंजका पाहूनच हलवावी आणि वाऱ्यासाठी केलेला तात्पुरता बदल वारा पडताच परत आणावा. प्रत्येक अंतराचा आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पट्टी आत-बाहेर केली किंवा बाण बदलले, की ते आकडे पुन्हा नव्याने घ्यावेत.