सुराचं तोंड हातात, शेपूट पेडलमध्ये

गिटारचा सूर छेडल्याछेडल्या सर्वांत मोठा असतो आणि तिथून तो विझतच जातो. सॅक्सोफोनवाला लावलेला सूर फुगवू शकतो, धरून ठेवू शकतो, संपता संपता त्यात कंप आणू शकतो. त्याची फुंक चालू असते. गिटारवाल्याचं मात्र आघात झाला की निम्मं काम संपलेलं असतं. जॅझमध्ये ही अडचण जास्त बोचते, कारण इथे गिटारला पहिल्यापासून फुंकवाद्यांच्या पंगतीत बसायचंय. चार्ली क्रिश्चन १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला तो गिब्सनची ईएस-१५० ही, तारांचं कंपन विजेत बदलणारा पिकअप बसवलेली गिटार घेऊन, आणि पिकअप-अ‍ॅम्पच्या जोरावर सॅक्सोफोनसारखे लांब पल्ल्याचे सोलो वाजवू लागला. त्याच काळात काउंट बेसीच्या बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन अ‍ॅम्पशिवाय, प्रत्येक मात्रेला एक कॉर्ड देत ऱ्हिदम सांभाळत होता. टोनचा विचार करताना मला ही दोन टोकं कायम डोळ्यांसमोर लागतात.

नवीन मुलं विचारतात, ‘जॅझसाठी कोणतं पेडल घेऊ?’ (पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडायची, पायाने चालवायची, आवाज बदलणारी डबी.) मी उलट विचारतो, ‘तुझ्या सुरात तुला काय खटकतंय, त्याची सुरुवात की शेवट?’ बहुतेकांनी असा विचारच केलेला नसतो. सुरुवात खटकत असेल, म्हणजे सूर टोचतोय, खटखटतोय, पातळ वाटतोय, तर औषध हातात आहे. सूर लवकर मरतोय, कोरडा पडतोय, दोन सुरांमध्ये भोक राहतंय, तर पेडलकडे वळायला हरकत नाही. माझं पेडलबद्दलचं जवळजवळ सगळं शहाणपण या एका विभागणीत मावतं.

आधी हात. तारेवर आघात कुठे होतो यावर सुरात कोणते उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे बारीक सूर) येतील ते ठरतं. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, छेडलं की वरचे उपस्वर भरपूर, म्हणून आवाज कडक आणि धातूसारखा. फ्रेटबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) संपतो तिथे छेडलं की मूळ सूर पुढे येतो, आवाज गोल होतो. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर छेडली तर दुसरा, चौथा असे सम उपस्वर जवळजवळ गायब होतात आणि क्लॅरिनेटसारखा पोकळ आवाज येतो. डाव्या हाताने वरचा फ्रेट दाबला की तारेची वाजणारी लांबी कमी होते, म्हणून उजवा हात एका जागी ठेवून वर चढत गेलात तर प्रत्येक सुराचा रंग थोडा थोडा बदलत जातो. चांगले वादक उजवा हात सोबत सरकवतात, आणि बहुतेकांना आपण तसं करतोय याचा पत्ताही नसतो.

मग पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती. जाड, छोटा, टोकाला गोलसर पिक तारेवर वाकत नाही, त्यामुळे आघाताचा ‘चक्’ कमी होतो. तो तारेला समांतर न धरता किंचित तिरपा धरला तर सूर आणखी मऊ होतो, पण फार तिरपा झाला की घासल्याचा आवाज येतो. वेस माँटगोमेरीने पिक वापरलाच नाही. अंगठ्याच्या मांसल भागाने तो ऑक्टेव्ह वाजवायचा, आणि त्याच्या टोनमधला जो ऊबदारपणा लोक अ‍ॅम्पच्या नॉबमध्ये शोधत बसतात तो मुख्यतः त्या अंगठ्यात आहे. जाड फ्लॅटवूंड (वरचं वेटोळं सपाट असलेल्या) तारा, ०.०१२ किंवा ०.०१३ इंचापासून सुरू होणारा संच, हेही त्याच घराण्यातलं. बोटांच्या सरकण्याची किरकिर जाते, वरचे उपस्वर लवकर विझतात. पण बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, जवळपास विसरावं लागतं. एड बिकर्टने टेलिकास्टरसारख्या भरीव लाकडाच्या गिटारवर इतका रेशमी जॅझ वाजवलाय की ‘पोकळ गिटारच पाहिजे’ हा हट्ट धरणाऱ्यांनी त्याचं वादन एकदा निवांत ऐकावं.

डाव्या हाताचं काम याहून बारीक. बीबॉप या वेगवान जॅझ शैलीतली ओळ प्रत्येक सुरावर पिक मारून वाजवली की टाइपरायटर ऐकल्यासारखं वाटतं. सॅक्सोफोनवाले बऱ्याचदा ऑफबीटवर (दोन बीटच्या मधल्या जागी) जीभ लावतात आणि तिथून पुढच्या बीटवर न तोडता घसरतात. गिटारवर याचा अर्थ ऑफबीटवर पिक, पुढचा सूर हॅमर-ऑन, पुल-ऑफ किंवा स्लाइडने, म्हणजे पुन्हा न छेडता डावं बोट आपटून, ओढून किंवा सरकवून. एखादा सोलो उतरवून घेताना मुलं सूर लिहितात आणि थांबतात. कोणता सूर छेडलाय आणि कोणता नुसताच ओढून आणलाय, हे सुरांखाली खूण करून लिहायला लागा. ही सवय लागली की ‘माझा टोन जॅझसारखा वाटत नाही’ या तक्रारीतला मोठा हिस्सा एकही नॉब न फिरवता मिटतो. मी हे शिकवतो तेव्हा लोकांचा चेहरा पडतो, कारण त्यांना पेडलचं नाव ऐकायचं असतं.

गिटारवरचं टोनचं बटण पूर्ण बंद करायची एक प्रथा पडलीय. एकटं वाजवताना ते छान लागतं. बँडमध्ये, डबल बास आणि पियानोचा डावा हात चालू असताना, तीच गिटार कांबळ्याखालून आल्यासारखी ऐकू येते. वरची जागा राइड सिंबलने घेतलेली असते, म्हणून गिटारने तिथे भांडू नये हे खरं. पण आघाताची थोडी धार राहिली नाही तर तुमची लय कुणालाच कळत नाही, बासवाल्यालासुद्धा. मी नेक पिकअप (मानेजवळचा) घेतो, टोन अर्ध्याच्या वर ठेवतो, अ‍ॅम्पवर बास कमी करतो आणि उरलेली टोच उजव्या हाताने काढतो. पोकळ गिटारवर साधारण १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात घुमारा उठतो आणि तिथूनच फीडबॅक सुरू होतो, त्यामुळे बास कमी करण्याने दोन कामं एकदम होतात.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती कुणी सांगत नाही आणि तिच्यापायी माणसं भलतंसलतं विकत घेतात. गिटारच्या केबलला स्वतःची कपॅसिटन्स (वीज साठवून धरण्याची क्षमता) असते, ढोबळमानाने मीटरला १०० पिकोफॅरड. लांब केबल, मग ट्रू बायपासची (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी) चार पेडलं, मग पुन्हा लांब केबल, असं झालं की वरच्या कंप्रतेचा बराच भाग वाटेतच गळतो. त्यावर उपाय म्हणून माणूस अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवतो आणि आवाज कर्कश होतो. साखळीच्या सुरुवातीला एक बरा बफर (सिग्नल न गळू देता पुढे पाठवणारं छोटं सर्किट) टाकला की प्रश्न सुटतो. काही जुन्या धाटणीच्या फझ (आवाज खरखरीत फाडणाऱ्या) पेडलांना बफर चालत नाही, त्यांना गिटार थेट लागते. पण जॅझवाल्याच्या बोर्डावर फझ तसा क्वचितच.

आता शेपूट.

पहिलं पेडल कोणतं, तर माझ्या मते व्हॉल्यूम पेडल. ते काही ‘इफेक्ट’ देत नाही म्हणून कुणी घेत नाही. पण सुराचं तोंडच लपवायची सोय ते करतं: पेडल बंद ठेवून कॉर्ड छेडा, मग पाय हळूहळू दाबा. आघात नाहीसा होतो आणि सूर व्हायोलिनच्या गजासारखा उगवतो. बिल फ्रिसेलने व्हॉल्यूम पेडल आणि डिले (सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पेडल) यांच्या जोडीवर स्वतःची वेगळी भाषा उभी केली, ॲलन होल्ड्सवर्थच्या तरंगत्या कॉर्डही याच जोडीतून आल्या. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी ठेवा, म्हणजे पाय उचलला तरी आधीच्या सुरांची शेपटं वाजत राहतात. नंतर ठेवलंत तर तीही कापली जातात. आणि विकत घेताना पाहा: गिटार थेट जोडायची असेल तर साधारण २५० किलोओहमचं पेडल, बफरच्या पुढे बसवायचं असेल तर २५ किलोओहमचं. उलट केलं की एक तर वरचे सूर गळतात, नाहीतर पायाची सगळी हालचाल थोड्याशा अंतरात उरकते.

डिलेचं गणित जॅझमध्ये वेगळं पडतं. इतर संगीतातून आलेल्यांना डॉटेड एट्थची (पाऊण बीटनंतर परत येणाऱ्या सुराची) सवय असते. मिनिटाला १२० बीटच्या लयीत एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा डॉटेड एट्थ ३७५. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डुलत्या लयीत, मात्र बीटचे तीन भाग धरले तर दुसरा एट्थ दोन-तृतीयांशावर, म्हणजे ३३३ वर पडतो. ३७५ वर लावलेला डिले दर वेळी थोडा उशिरा येऊन ड्रमरच्या पायात पाय घालतो. २४० च्या लयीत बीट २५० मिलिसेकंदांवर येतो आणि स्विंगही सपाट होत जातो. तिथे मी डिले सरळ बंद करतो. बॅलडमध्ये लयीशी न जुळणारा, एक-दोनदाच परत येणारा, मूळ आवाजाच्या बराच खाली ठेवलेला डिले मला जास्त आवडतो. तो ‘ऐकू’ येऊ नये. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं.

रिव्हर्बला (खोलीच्या घुमण्याचा भास देणाऱ्या पेडलला) प्री-डिलेचा, म्हणजे घुमणं किती उशिरा सुरू व्हावं याचा, नॉब असेल तर २०-३० मिलिसेकंदांवर ठेवा. तेवढ्या फटीत आघात स्वच्छ ऐकू येतो आणि खोली मागाहून उघडते. हॉल स्वतःच घुमणारा असेल तर रिव्हर्ब बंदच बरा.

कोरस, म्हणजे सुराला त्याचीच किंचित हलती प्रत जोडणारा इफेक्ट, हा भांडणाचा विषय. रोलंडचा जॅझ कोरस अ‍ॅम्प १९७५ चा, त्यातल्या सर्किटवरून बॉसचं सीई-१ पेडल १९७६ मध्ये आलं, आणि पुढचं दशक सगळ्या गिटारी डुलत राहिल्या. पॅट मेथेनीचा रुंद आवाज मात्र अशा पेडलमधून आलेला नाही. त्याने डिजिटल डिलेच्या यंत्रांतून सुराची पट्टी अगदी किंचित हलवून त्या प्रती वेगवेगळ्या अ‍ॅम्पवर काढल्या. त्या एकमेकींत मिसळायच्या त्या खोलीच्या हवेत. एका अ‍ॅम्पवर मोनोमध्ये तसाच आवाज शोधू नका. मोनोमध्ये मूळ सूर आणि हलती प्रत एकाच स्पीकरमधून येतात, काही कंप्रता एकमेकींना खातात आणि पट्टी डळमळीत वाटते. घ्यायचाच तर वेग अगदी कमी, प्रमाण त्याहून कमी. सोबत इलेक्ट्रिक पियानोवालाही कोरस लावून बसला असेल तर दोघांपैकी एकाने माघार घ्यावी. सूर जुळवून दोघंही बेसूर वाटतात.

ओव्हरड्राइव्हबद्दल, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाडणाऱ्या सौम्य डिस्टॉर्शनबद्दल, सविस्तर बोलायला हवं, कारण ‘जॅझमध्ये डिस्टॉर्शन चालत नाही’ असं ऐकून लोक घाबरतात. जॉन स्कोफिल्ड सेमी-हॉलो (अर्धपोकळ) गिटारवर रॅट हे डिस्टॉर्शन पेडल लावून वर्षानुवर्षं जॅझच वाजवतोय. अडचण कॉर्डची आहे. डिस्टॉर्शनमधून एका वेळी दोन सूर गेले की त्यांच्या कंप्रतांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे सूर तयार होतात. खालचा सी १३०.८ हर्ट्झ आणि त्यावरचा जी १९६ हर्ट्झ, फरक ६५.२. हा जवळपास आणखी एक सप्तक खालचा सी (६५.४), म्हणून पंचमाची जोडी भरदार वाटते. आता मधला सी २६१.६ आणि ई ३२९.६ घ्या. फरक ६८. हा ६५.४ च्या सी-शी जुळत नाही, वर चढलेला आहे. एका साध्या गंधाराने एवढं होतं, तर सातवा, नववा, तेरावा घातलेल्या कॉर्डमध्ये तळाला काय चिखल होत असेल! म्हणून ड्राइव्ह चालू असताना मी कॉर्ड दोन सुरांवर आणतो, बहुधा तिसरा आणि सातवा, मूळ सूर बासवाल्याकडे सोपवून. तेही जड वाटलं तर गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतो, पेडल तसंच चालू ठेवून. व्हॉल्यूम सातवर स्वच्छ आणि दहावर किंचित कुरकुरीत, अशा जागी गेन (आवाज किती फाटावा याचं बटण) लावलं तर सोलोला पेडल दाबायचीही गरज पडत नाही. या सेटिंगमध्ये आघात थोडा दबतो आणि शेपूट लांबते. लेगॅटो (सूर न तोडता) वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

कंप्रेसर नवशिक्याने घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. हळू आणि मोठा यांतला फरक तो भरून काढतो, आणि जॅझमध्ये तो फरकच तर शिकायचा असतो. जिम हॉलसारखे वादक ऐका: अ‍ॅम्पचा उपयोग हलक्या हाताने वाजवता यावं यासाठी केलेला दिसतो. हात तयार झाल्यावर २:१ किंवा ३:१ इतपत सौम्य कंप्रेसर घेतलात तर तो मदतनीस ठरतो.

साखळीचा क्रम वाद घालण्याइतका अवघड नाही: बफर, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, कोरस असलाच तर तो, डिले, शेवटी रिव्हर्ब. व्हॉल्यूम पेडल ओव्हरड्राइव्हच्या आधी आणलं तर पाय आवाजाऐवजी गेन कमीजास्त करतो, तेही कधी कधी हवं असतं. डिजिटल पेडलांना वेगवेगळे आउटपुट असलेला पॉवर सप्लाय द्या. एकाच वायरीवर सगळी माळ लावली की शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोष गिटारच्या माथी बसतो.

सराव कसा करायचा? ब्लूजचा एकच कोरस (इथे अर्थ एक आवर्तन, इफेक्ट नव्हे) घ्या, पेडल एकही नाही, रेकॉर्डिंग चालू. एकदा ब्रिजजवळ छेडून, एकदा पिकअपच्या वर, एकदा फ्रेटबोर्डाच्या टोकाशी. मग तोच कोरस पिक सोडून अंगठ्याने. दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर हाताची आठवण कानात मिसळते. त्यानंतर फक्त एक पेडल जोडा आणि तोच कोरस पुन्हा. पेडल लावल्यावर तुम्ही कमी सूर वाजवायला लागलात, सुरांना मरायला वेळ देऊ लागलात, तर ते पेडल ठेवा. जास्त वाजवू लागलात तर महिनाभर कपाटात.

बँडबरोबर पहिल्यांदा वाजवायला जाताना घरचं सेटिंग तसंच्या तसं चालेल असं धरू नका. खोलीत हळू आवाजात लावलेला बास स्टेजच्या आवाजात दुप्पट वाटतो, कारण आवाज मोठा झाला की कानाला खालचे सूर तुलनेने जास्त ऐकू येतात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर आणखी वाढतो. खुर्चीवर ठेवा, थोडा मागे कलवा, म्हणजे तो तुमच्या पोटऱ्यांऐवजी कानांशी बोलेल. साउंड इंजिनिअर भेटला की तुमची सर्वांत हळू आणि सर्वांत मोठी जागा त्याला वाजवून दाखवा, आणि ड्राइव्ह व डिलेचा आवाज त्याच्यासमोरच तपासा. मग व्हॉल्यूम पेडल पूर्ण दाबून सोलो एकदा वाजवा, आणि तिथून थोडं मागे या. उरलेला तो थोडा पल्ला दुसऱ्या सेटसाठी लागतो, तोवर ड्रमर तापलेला असतो.