शोभेच्या झाडाला फळंही हवीत? मग या चुका टाळा

सुरिनाम चेरी, बार्बाडोस चेरी, करवंद, डाळिंब, जाम, जाबोटिकाबा. उष्ण हवामानात ही झाडं देखणी दिसतात आणि वर फळंही खाण्याजोगी देतात, म्हणून लोक ती हौसेनं लावतात. मग दोन-तीन वर्षांनी तोंड वाकडं करून विचारतात, "पानं इतकी छान आहेत, मग फळ का धरत नाही?" कारण बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या हातातच असतं. कात्रीच्या रूपात.

झाडाची भिंत करू नका

ही चूक माझ्या डोक्यात जाते, तेव्हा हिच्याबद्दल सविस्तर बोलते.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी घरासमोर सुरिनाम चेरीची रांग लावली होती. कुंपण सुरेख भरलं. सुरिनाम चेरीची कोवळी पालवी तांबूस आणि चकचकीत असते, त्यामुळे येणारा-जाणारा थांबून बघायचा. माळी दर पंधरवड्याला विजेची कात्री घेऊन यायचा आणि वरून, बाजूंनी सगळं सपाट करून जायचा. फळ मात्र एक नाही. कुणीतरी सांगितलं, खत कमी पडतंय. यांनी युरिया घातला. पालवी आणखी जोमानं फुटली, म्हणून माळी दर आठवड्याला यायला लागला. तरीही फळ नाही. मग कीड असेल म्हणून फवारणी झाली. शेवटी "रोपंच वांझ निघाली" असा निकाल देऊन सगळी रांग उपटायची ठरली, तेव्हा मला बघायला बोलावलं.

मी कुंपणाच्या मागे गेले. तिथे भिंतीच्या आणि झाडांच्या मधल्या अरुंद पट्टीत माळ्याची कात्री पोचत नव्हती. त्या बाजूच्या खालच्या फांद्यांवर गडद लाल, सात-आठ कंगोऱ्यांची पिकलेली फळं लटकत होती. झाडं तीच, माती तीच, खतही तेच.

हिशेब सोपा आहे. सुरिनाम चेरीचं फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण तीन आठवडे तरी लागतात. बार्बाडोस चेरीचंही जवळपास तसंच. तुम्ही दर पंधरा दिवसांनी शेंडे उडवत असाल, तर कुठलंच फळ पिकण्याएवढं जगत नाही. बार्बाडोस चेरी नव्या फुटीवर फुलते, त्यामुळे तिला हलकी छाटणी मानवते, पण छाटणीनंतर पुढचा महिना-दीड महिना तिला हात लावायचा नसतो. नेमकं हेच लोकांना जमत नाही.

माझ्याकडे फळणाऱ्या झुडपांना विजेची कात्री वर्ज्य आहे. एक बहर उतरला की हातातली छाटणीची कात्री घेते आणि आत शिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, वाळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढते. शेंडे शक्यतो तसेच ठेवते. कुंपण थोडं अस्ताव्यस्त दिसतं. दिसू दे. ज्यांना रेघेत कापलेली भिंत हवी, त्यांनी फळांची आशा सोडून दुसरं काहीतरी लावावं.

जाबोटिकाबाची गत याहून वाईट करतात. हे झाड खोडावर आणि जाड जुन्या फांद्यांवर फुलतं, फळंही थेट सालीला चिकटून येतात. त्याला "झाडासारखा आकार" द्यायचा म्हणून लोक खालच्या सगळ्या फांद्या काढून एकच सोट ठेवतात. म्हणजे फळं धरण्याची निम्मी जागा आपणच करवतीनं कापून टाकायची आणि मग वाट बघत बसायचं.

आणि तो युरिया. नत्र वाढलं की पानं वाढतात, फुलं मागे पडतात. करवंदासारख्या काटक झुडपाला तर लाड सोसतच नाहीत. भरपूर पाणी आणि भरपूर खत मिळालं की ते नुसतं पसरतं. मी कुजलेलं शेणखत घालते आणि गप्प बसते.

मोठं रोप आणलं म्हणजे फळ लवकर येतं, हा भ्रम

घाई करणाऱ्यांची ही आवडती पळवाट. नर्सरीत डोक्याएवढं उंच झाड दिसलं की जास्त पैसे मोजून तेच उचलायचं. ते किती दिवस त्या कुंडीत अडकून पडलंय, हे कुणी विचारत नाही. असंच एक जामाचं झाड माझ्या नात्यातल्या एकांनी आणलं. कुंडीच्या मापाचा खड्डा काढला आणि गोळा जसाच्या तसा आत ठेवला. झाड वाढत राहिलं, पानं टवटवीत, सगळे खूश. तिसऱ्या पावसाळ्यात साध्या वाऱ्यानं ते आडवं झालं. मुळं बघितली तर कुंडीचा आकार अजून तसाच. सगळी मुळं स्वतःभोवती वेटोळी घालून बसलेली, बाहेरच्या मातीत जेमतेम दोन-चार गेलेली.

मी विकत घेण्याआधी रोप कुंडीतून बाहेर काढून दाखवायला सांगते. विक्रेत्याला राग आला तर दुसरीकडे जाते. मुळांची टोकं पांढरी आणि ताजी हवीत. बाहेरून वेटोळी दिसली, पण बाकी रोप चांगलं असलं, तर लावताना गोळ्याला तीन-चार ठिकाणी धारदार सुरीनं उभे चिरे देते आणि गुंडाळलेली मुळं मोकळी करते. नवशिक्यांना हे बघवत नाही, पण न केलेलं जास्त महागात पडतं. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त. खोड जिथे रुंद होऊन मुळांकडे वळतं, ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. "पक्कं बसावं" म्हणून ती पुरली की बुंधा कुजायला सुरुवात होते. आच्छादनाचा ढीगही खोडापासून वीतभर लांब.

रांगेतली दुसरी घाई बियांची. जाबोटिकाबा बियांपासून लावलात तर आठ वर्षं, कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. तेवढा धीर नसेल तर कलम घ्या. तिसऱ्या वर्षी जागा बदलून आणि पाचव्या वर्षी कुंडी बदलून झाड लवकर फळत नाही.

जोडीदार आणि दुहेरी फुलं

कमरखाच्या (स्टारफ्रूटच्या) काही झाडांच्या फुलांत स्त्रीकेसराची दांडी लांब असते, काहींच्या फुलांत आखूड. बऱ्याच जातींना चांगलं फळण्यासाठी दुसऱ्या प्रकारचं झाड जवळ लागतं. एकटं झाड फुलांनी भरून जातं आणि सगळी फुलं गाळून मोकळं होतं. करवंदाच्या जातकुळीतल्या नाताल प्लमची पांढरी, सुवासिक फुलं त्याच्या मूळ देशात, दक्षिण आफ्रिकेत, निशाचर पतंग आणि इतर कीटकांच्या भरवशावर असतात. हे कीटक नसतील तिथे फळं तुरळक येतात. संध्याकाळी बारीक कुंचल्यानं हातानं परागीकरण करून बघा, फरक पडतो.

डाळिंबाच्या भरगच्च पाकळ्यांच्या शोभिवंत जाती फळासाठी नाहीतच. लावा, बघा, पण फळ मागू नका. आणि फूल उमललेलं असताना कीटकनाशक फवारणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

जे पिकलं ते सगळं खायचं नसतं

इथे मात्र विनोद नाही. करवंद आणि नाताल प्लम ही कण्हेरीच्या कुळातली झाडं. तोडल्यावर पांढरा चीक येतो. त्यांचं पिकलेलं फळच खायचं, बाकी भाग नाही. त्यांच्या शेजारी पिवळी कण्हेर लावणारे लोक मी पाहिलेत. तिचं फळ विषारी असतं आणि मूल कोणत्या झुडपाचं फळ उचलेल, हे तुम्ही सांगू शकत नाही. दुरांटाचे पिवळेधमक मणीही तसेच, दिसायला लोभस आणि पोटात गेले तर घातक. खाण्याची आणि न खाण्याची झुडपं एका ओळीत लावूच नयेत.

कमरख निरोगी माणसाला चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी त्याला स्पर्शही करू नये. त्यातलं ऑक्झॅलेट आणि कॅरँबॉक्सिन नावाचं मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष शरीराबाहेर टाकता आलं नाही तर जिवावर बेतू शकतं. अकी या मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाचं फळ झाडावर आपोआप उकलण्याआधी तोडू नये. कच्च्या फळात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं आणि त्यानं माणसं दगावली आहेत. पिकल्यावरही फक्त बीभोवतीचा पिवळसर गर खायचा.

शोभेचं झाड म्हणून फळांसकट विकलं जाणारं कुंडीतलं लिंबूवर्गीय झुडूप आणलंत, तर ती पहिली फळं बघण्यासाठी ठेवा. शोभेच्या रोपांवर कधी कधी मुळांतून शोषली जाणारी, खाण्याच्या पिकांना न चालणारी कीटकनाशकं वापरलेली असतात. मी पहिला बहर तोडून टाकते.

उरलेल्या, थोडक्यात

सुरिनाम चेरी नारिंगी असतानाच तोडून "राळेसारखी चव लागते" म्हणू नका. गडद होऊ द्या. हलकासा हात लागताच सुटेल तेव्हाच ती पिकलेली. तरीही चव उग्र वाटली तर बिया काढून, साखर भुरभुरून काही तास फ्रिजमध्ये ठेवा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. जाबोटिकाबाला आम्लधर्मी माती लागते आणि मिरॅकल फ्रूटला (खाल्ल्यावर आंबटही गोड लागतं त्या लाल फळाच्या झुडपाला) तर चांगलीच आम्लधर्मी, सामू (pH) ६ च्या खाली. तुमची माती तशी नसेल तर कुंडीत लावा, जमिनीशी भांडू नका.

डाळिंब तडकतं ते बहुतेक वेळा आधी कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी मिळाल्यानं.

नाताल प्लमचे काटे दुतोंडी असतात. दारापाशी किंवा पायवाटेला तो लावू नका. तुती आणि जांभूळ फरशीवर, गाडी उभी करण्याच्या जागेवर तर अजिबात नको.

लावण्याआधी आपल्या भागात ते झाड रानात पसरतंय का, तेवढं विचारा. स्ट्रॉबेरी पेरूनं हवाई, मॉरिशस आणि रेयुनियनमधली मूळ जंगलं गिळायला घेतली आहेत आणि फ्लोरिडात सुरिनाम चेरी घुसखोर ठरली आहे. दोन्हींच्या बिया पक्षी नेतात, तेव्हा फळं झाडावर सडू न देता वेळेत तोडायची. खाली पडलेली फळंही रोज उचलायची, नाहीतर फळमाशी त्यातच पुढची पिढी वाढवते.