घरात मारहाण पाहिलेल्या लहान मुलाला कसं सावरायचं

'तो झोपला होता, त्याला काही कळलं नाही' या समजुतीवर विसंबू नका. बंद दाराआडचा आरडाओरडा, काहीतरी आपटल्याचा आवाज, सकाळी आईचा सुजलेला गाल. मुलाला एवढंही पुरतं.

तान्ह्या बाळाला शब्द कळत नसले तरी चढलेला आवाज आणि उचलून घेणाऱ्याचं ताठलेलं अंग कळतं. ते दूध नीट पीत नाही, झोपेतून दचकून उठतं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची बंद झालेली अंथरूण ओलं करण्याची सवय परत येते, येत असलेले शब्दही तोंडातून निघेनासे होतात. तीन ते पाच वर्षांचं मूल बाहुलीला बदडतं, पोट दुखतं म्हणतं आणि 'मी दूध सांडलं म्हणून हे झालं' असं मनात धरून बसतं. सगळ्यात फसवं मूल म्हणजे एकदम शहाण्यासारखं गप्प झालेलं. त्याचं कौतुक होतं आणि मदत राहून जाते.

मारहाण चालू असताना समजावण्यात अर्थ नाही, तेव्हा फक्त सुरक्षितता. चार-पाच वर्षांच्या मुलाला आधीच शिकवून ठेवा: मध्ये पडायचं नाही, ठरलेल्या जागी जायचं, अमुक माणसाला हाक मारायची. मारणारा घरात नसताना खेळासारखं दोन-तीनदा करून घ्या.

सगळं निवळल्यावर, जमलं तर त्याच दिवशी, मुलाच्या उंचीला येऊन बसा. "खूप मोठा आवाज झाला. भीती वाटली ना? मारणं चूकच आहे. हे तुझ्यामुळे झालं नाही." एवढं बोलून थांबा. खोदून विचारू नका. 'आता असं कधीच होणार नाही' हे वचन तर नकोच. ते मोडलं की 'तुझ्यामुळे झालं नाही' यावरचाही विश्वास उडतो. आई-वडिलांमधले निरोप मुलाकडे देऊ नका.

पुढचे काही आठवडे जेवण, आंघोळ, झोप ठरल्या वेळी. रोज 10-15 मिनिटं मूल म्हणेल तो खेळ. खेळात बाहुली मार खात असेल तर रागावू नका, "हिला आता कोण मदत करेल?" एवढंच विचारा. अंथरूण ओलं झालं तर चादर बदला, विषय संपला.

लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. मुलाने खाणंपिणं सोडलं, स्वतःला इजा केली किंवा त्यालाही मार बसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तिथे घरात काय चाललंय ते स्पष्ट सांगा, नाहीतर इलाज पोटदुखीवरच होत राहतो.