सीझेडटीएस नॅनोकण: वजनापासून चाचणीपर्यंत

तांबे, जस्त, कथील आणि गंधक यांचे सीझेडटीएस हे संयुग प्रकाश इतका चांगला शोषते की सौरघटाला त्याचा 1 ते 2 मायक्रोमीटर जाडीचा थर पुरतो. सांगली-मिरजेच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत महागडी निर्वात यंत्रणा नसली, तरी त्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या घट्ट बंद भांड्यात, तयार करता येतात.

प्रथम 35 मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉलमध्ये 0.290 ग्रॅम कॉपर क्लोराइड डायहायड्रेट विरघळवावे आणि त्यात 0.226 ग्रॅम स्टॅनस क्लोराइड डायहायड्रेट घालून ढवळावे. येथे तांबे इलेक्ट्रॉन घेते व कथील ते देते, त्यामुळे संयुगाला हवे असलेले एकसंयुजी तांबे आणि चतुःसंयुजी कथील आपोआप मिळू लागते. म्हणूनच कथिलाचा स्वस्त द्विसंयुजी क्षार येथे चालतो. नंतर 0.252 ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि शेवटी गंधक पुरवणारा 0.457 ग्रॅम थायोयुरिया घालावा. झिंक क्लोराइड मी टाळतो, कारण पावसाळ्यात ते तराजूवरच ओलावा धरते आणि वजन फसते. या प्रमाणात तांबे मुद्दाम कमी व जस्त थोडे जास्त ठेवले आहे. चांगले घट बहुधा अशाच प्रमाणातून मिळतात.

हे द्रावण 50 मिलिलिटरच्या टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये भरून 200 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवावे. भांडे पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये आणि उघडताना ते फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) असावे, कारण आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठलेला असू शकतो. काळा गाळ पाणी व इथेनॉलने आलटून-पालटून धुवावा, प्रत्येक वेळी सेंट्रीफ्यूज करावा (वेगाने फिरवून वेगळा करावा) आणि 60 अंशांवर वाळवावा.

खरी कसोटी पुढे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नमुना नेऊन एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) करून घेतले आणि 28.5 अंशांजवळ शिखर दिसले, की विद्यार्थी समाधान मानतात. परंतु झिंक सल्फाइड आणि कॉपर टिन सल्फाइड यांची मुख्य शिखरेही जवळजवळ तेथेच येतात. त्यामुळे रामन वर्णपटात (लेसर प्रकाश टाकून संयुग ओळखण्याच्या चाचणीत) 338 प्रति सेंटिमीटरजवळची ठळक रेषा पाहिल्याशिवाय नमुना शुद्ध म्हणू नये.

कणांची शाई, म्हणजे द्रवात मिसळलेले कण, मॉलिब्डेनम धातू लेपलेल्या काचेवर पसरून 500 ते 550 अंशांवर गंधकाच्या वाफेत तापवावी. गंधक कमी पडल्यास टिन सल्फाइड उडून जाते, म्हणून तापवलेल्या थराचे रामन पुन्हा घ्यावे.