अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीची मुलाखत: तयारी कशी करावी

बी.कॉम. झालेल्या मुलामुलींचे रेझ्युमे एकापाठोपाठ एक वाचले, की नावं सोडून बाकी सगळं सारखंच दिसतं. टॅली प्राइम, अ‍ॅडव्हान्स एक्सेल, जीएसटीचं ज्ञान, मेहनती स्वभाव. मुलाखत घेणारा मग त्यातली एखादी ओळ उचलतो आणि विचारतो, "जीएसटीचं ज्ञान आहे म्हणता, म्हणजे नक्की काय काय केलंय?" चाकणमधली सुटे भाग बनवणारी कंपनी असो, कोल्हापूरची फाउंड्री असो की नाशिकमधल्या सीएचं ऑफिस, फ्रेशरची मुलाखत बहुतेक वेळा याच प्रश्नाभोवती फिरते. तयारीही तिथूनच सुरू करावी.

पायरी १: आधी स्वतःचा रेझ्युमे तपासा

रेझ्युमेची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे मी कुठे केलं, कोणाच्या कामासाठी केलं, आणि त्यात काय अडलं. जिथे काहीच लिहिता येत नाही ती ओळ खोडा. सुट्टीत गल्लीतल्या मेडिकलवाल्याची बिलं टॅलीत टाकली असतील, घरच्या दूध डेअरीचा हिशेब ठेवला असेल, कॉलेजच्या गॅदरिंगच्या वर्गणीचा ताळमेळ लावला असेल, तर ते लिहा. मुलं अशी कामं लाजून लपवतात आणि त्याऐवजी इंटरनेटवरून उचललेलं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' टाकतात. ते कोणीही वाचत नाही. मेडिकलवाल्याच्या बिलांवर मात्र दहा मिनिटं गप्पा होऊ शकतात, आणि त्या गप्पांमध्ये उमेदवार घाबरत नाही, कारण तो पाहिलेलं सांगत असतो.

पायरी २: कंपनीची माहिती अकाउंटंटच्या नजरेने काढा

कंपनीच्या वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' सगळेच वाचून येतात. तुम्ही कंपनीचा जीएसटी नंबर शोधा. कधी तो वेबसाइटवर तळाशी असतो, कधी एखाद्या बिलावर सापडतो. हा १५ अक्षरांचा नंबर बरंच काही सांगतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी फर्म, 'पी' असेल तर एकट्या मालकाचा धंदा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही हा नंबर टाकून नोंदणी कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली आहे आणि रिटर्न भरली जातात का, हे पाहता येतं.

यातून मुलाखतीत बोलायला एक चांगलं वाक्य मिळतं: "सर, तुमची नोंदणी पाहिली. तुमचं उत्पादनही आहे आणि ट्रेडिंगही आहे, तर स्टॉकचा हिशेब वेगवेगळा ठेवता का?" उत्तर काहीही येवो, हा मुलगा किंवा ही मुलगी काम समजून आली आहे, एवढं समोरच्याच्या लक्षात येतं. फक्त मिरवल्यासारखं बोलू नका. आणि पोर्टलवर नोंदणी रद्द दिसली, तर मुलाखतीला जायचं का, हाच विचार आधी करा.

पायरी ३: विषयाची उजळणी

माझ्या मते तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा.

तारखा आधी. दरमहा रिटर्न भरणाऱ्यासाठी जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, ३-बी (गोषवारा देऊन कर भरायचं रिटर्न) २० तारखेला. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत चालतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नचा पर्याय आहे, हेही माहीत असू द्या. (याच तारखांमुळे १९-२० तारखेला मुलाखतीला बोलावलं, तर दोन तास बाहेर बसावं लागलं तरी तोंड वाकडं करू नये. आत ३-बी चालू असतं.)

मग एंट्र्या. फ्रेशरला सहसा अवघड काही विचारत नाहीत, पण साधी गोष्ट फिरवून विचारतात. 'मालकाने दुकानातला माल घरी नेला' यावर ड्रॉइंग्ज डेबिट, पर्चेस क्रेडिट, एवढं बहुतेकांना येतं. त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, हे जो सांगतो त्याच्याकडे समोरचा मान वर करून बघतो. 'एक नोव्हेंबरला वर्षभराचा विमा १२,००० रुपये भरला, ३१ मार्चला खर्चात किती धरायचा?' पाच महिन्यांचे ५,०००, उरलेले ७,००० प्रीपेड, म्हणजे आगाऊ भरलेले. हे तोंडी जमायला हवं. १०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के जीएसटी असेल तर पुण्याहून साताऱ्याला विकताना केंद्राचा सीजीएसटी ९०० आणि राज्याचा एसजीएसटी ९००. तोच माल पणजीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात विकला तर १,८०० आयजीएसटी.

बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपलं बँकबुक आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवणं, हा हमखास प्रश्न. व्याख्या पाठ म्हणू नका, उदाहरण द्या: चेक दिला पण पार्टीने बँकेत टाकला नाही, बँकेने चार्जेस कापले पण आपल्याकडे एंट्री नाही. तसंच जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्याला कोणत्या खरेदीचं क्रेडिट मिळेल याची पोर्टलवर येणारी यादी. पुरवठादाराने आपलं जीएसटीआर-१ भरलं नाही, तर त्याचं बिल १४ तारखेला येणाऱ्या आपल्या २बीमध्ये दिसत नाही आणि त्याचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. अशा वेळी काय कराल? पार्टीला फोन करून मागे लागणं हे अकाउंट्स असिस्टंटचं रोजचं काम आहे, आणि ते करायची तयारी आहे असं स्पष्ट सांगणारा उमेदवार मला तरी आवडतो.

पायरी ४: हात चालले पाहिजेत

हल्ली बऱ्याच ठिकाणी बोलण्याआधी संगणकासमोर बसवतात. चार-पाच बिलं देतात आणि म्हणतात, टाका. टॅलीत एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. या कीज बोटांना न बघता सापडल्या पाहिजेत. नवीन लेजर उघडताना तो कोणत्या ग्रुपखाली जातो, इथे खरी परीक्षा होते. ऑफिसचं भाडं इनडायरेक्ट एक्सपेन्सेसमध्ये, मालाचं आणायचं भाडं डायरेक्टमध्ये. दोन्हींना मराठीत भाडंच म्हणतात, म्हणून गडबड होते.

समजलं नाही तर सस्पेन्सला (न उलगडलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला) टाकून मोकळं होऊ नका. विचारा: "मॅडम, हे बिल मशिनच्या दुरुस्तीचं आहे की नवीन पार्ट घेतल्याचं?" प्रश्न विचारल्याने मार्क जात नाहीत. एक्सेलमध्ये व्हीलुकअप, सम-इफ आणि पिव्होट एवढं पक्कं असलं की फ्रेशरचं भागतं. घरी संगणक नसेल तर क्लासवाल्यांना विनंती करा. एखाद्या तासासाठी मशीन मोकळं करून देणारे क्लासवाले असतात.

पायरी ५: 'स्वतःबद्दल सांगा'

आई-वडील काय करतात, भावंडं किती, छंद कोणते, हे पाठांतर शाळेत ठेवून या. एक-दीड मिनिटात तीन गोष्टी पुरतात: शिक्षण, हातून झालेलं काम, आणि ही जागा का हवी. असं काहीसं:

"मी साताऱ्याहून बी.कॉम. केलं. शेवटच्या वर्षाला एका हार्डवेअरच्या दुकानाची पर्चेस बिलं टॅलीत टाकायचे. तिथे २बी जुळवताना काही बिलांचे नंबर चुकीचे आल्याचं सापडलं, तेव्हापासून मला जुळवणीचं काम आवडतं. तुमच्या जाहिरातीत क्रेडिटर्सचं काम लिहिलंय, म्हणून अर्ज केला."

इंग्रजीचा प्रश्न इथेच येतो. मराठी माध्यमातल्या मुलांना वाटतं की इंग्रजी अडखळलं की संपलं. अकाउंट्समध्ये असं क्वचितच होतं. पुण्या-नाशकाकडच्या ऑफिसांत बोलणं मराठी, हिंदी, इंग्रजी असं मिसळूनच चालतं. प्रश्न इंग्रजीत आला तर सुरुवात इंग्रजीत करा, अडलात तर सरळ विचारा, "सर, पुढचं मराठीत सांगू का?" मात्र ईमेल लिहायला येतो का, हे पाहतातच. 'तुमच्या खात्यावरची बाकी कळवावी, सोबत लेजर जोडला आहे' एवढा ईमेल इंग्रजीत चुका न करता लिहायचा सराव ठेवा.

पायरी ६: अडचणीचे प्रश्न

सीए अर्धवट सुटलं असेल किंवा दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला असेल, तर ते लपवू नका. रेझ्युमेतली रिकामी वर्षं दिसतातच. समोरच्याला एकच काळजी असते: हा पुन्हा परीक्षेसाठी सुट्टी मागेल का, किंवा सहा महिन्यांत सोडून जाईल का? त्या काळजीचं उत्तर द्या. "आता परीक्षा देणार नाही" हे खरं असेल तरच म्हणा. देणार असाल तर सांगा की परीक्षेची तारीख आधी कळवीन आणि रिटर्नच्या तारखांना ऑफिसात असेन.

मुलींना अजूनही लग्नाबद्दल विचारतात. विचारू नये, पण विचारतात. चिडण्याची किंवा सगळी कुंडली मांडण्याची गरज नाही. "सध्या माझं लक्ष कामावर आहे. या जागेसाठी किमान किती काळ अपेक्षित आहे, ते सांगाल का?" असं म्हणून विषय कामावर आणता येतो. तरी तोच प्रश्न तीनदा आला, तर त्या ऑफिसबद्दल तुम्हालाही काही कळलं असं समजा.

आणखी एक प्रश्न अकाउंट्सवाल्यांसाठी खास असतो: "साहेबांनी ५०,००० रोख देऊन बिल पाच भागांत तोडायला सांगितलं तर?" एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च करासाठी सहसा धरला जात नाही, म्हणून असे उद्योग सुचतात. आदर्शवादी भाषण नको. "मी नियम दाखवून ऑनलाइन पेमेंट सुचवीन, आणि तोडून एंट्री करायला माझी तयारी नाही" एवढं पुरे. यावरून नाकारणारं ऑफिस गेलं तर जाऊ द्या.

पायरी ७: पगाराचं बोलणं

'तुमची अपेक्षा?' यावर 'तुम्ही द्याल ते' असं म्हणू नका, अकाउंट्सवाल्याच्या तोंडी तर ते अजिबात शोभत नाही. सीटीसी (तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांतला फरक तुम्हाला मांडता आला पाहिजे. समजा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, १८,००० आणि त्यात बेसिक १०,०००. तुमच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,२००, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १६,६००, आणि ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर त्याहून थोडे कमी. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यामुळे मुलीच्या हातात १६,८००. फेब्रुवारीत पुरुषांचे २०० ऐवजी ३०० कापले जातात. आता सीटीसी बघा: १८,००० अधिक मालकाच्या वाट्याचा पीएफ १,२०० अधिक ग्रॅच्युइटीचे ४८१, म्हणजे १९,६८१. महिना तोच, आकडे मात्र तीन. आकडा सांगताना 'हातात एवढे' की 'ग्रॉस एवढे' हे स्पष्ट बोला.

अपेक्षा ठरवण्याआधी त्याच एमआयडीसीत काम करणाऱ्या दोन-तीन सीनियर्सना विचारा. बाहेरगावाहून येणार असाल तर खोलीभाडं, मेस आणि बस यांचा हिशेब मांडून मगच आकडा ठरवा.

पायरी ८: जायचा दिवस

कपडे इस्त्रीचे आणि साधे, चपला-बूट स्वच्छ. यापुढे कपड्यांवर वेळ घालवू नका. हिंजवडी, चाकण, रांजणगाव अशा ठिकाणी जायचं असेल तर शिफ्ट सुटण्या-भरण्याच्या वेळचं ट्रॅफिक धरून निघा, जमलं तर आदल्या दिवशी गेट पाहून या. मोठ्या कंपनीत गेटपास आणि ओळखपत्राच्या नोंदीतच पाऊण तास जातो.

फाइलमध्ये मार्कलिस्ट, टॅलीचं आणि एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट, आधार-पॅनच्या झेरॉक्स, रेझ्युमेच्या दोन-तीन प्रती, आणि साधा कॅल्क्युलेटर. मूळ कागद दाखवा, पण ठेवून घेऊ देऊ नका. नोंदणी फी, डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे असं काहीही मागितलं तर तिथून उठा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर बाकी सगळं तेच, फक्त स्क्रीन शेअर करायची तयारी ठेवा. एक्सेल उघडून दाखवायला सांगतात, तेव्हा डेस्कटॉपवर भलतंसलतं नको.

पायरी ९: नंतर

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, आणि एखादं उत्तर आत अर्धवट राहिलं असेल तर ते पूर्ण करून. आठवडाभर काहीच आलं नाही तर एकदा फोन करा, मात्र ७, ११ किंवा २० तारखेला करू नका. ऑफर लेटर आलं की रुजू होण्याची तारीख, प्रोबेशन किती महिने, नोटीस पीरियड किती आणि बाँड आहे का, हे चार मुद्दे वाचल्याशिवाय सही करू नका. तोंडी ठरलेला आकडा ग्रॉसचा होता की सीटीसीचा, तेही त्या कागदाशी पडताळून घ्या.