जंपसीट मागायची कशी आणि तिथे बसायचं कसं

बेस दिल्ली आणि घर पुण्यात विमाननगरला, अशा आम्हा वैमानिकांची सुट्टी बऱ्याचदा जंपसीटवरच, म्हणजे कॉकपिटमधल्या जादा सीटवरच, सुरू होते. नवीन फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) मंडळी विचारत असतात, म्हणून लिहिते.

अमेरिकेत एका कंपनीचा वैमानिक सर्रास दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसून घरी जातो. कंपन्यांचे आपसात तसे करार आहेत, आणि त्याची नोकरी चालू आहे ना, हे गेटवरच ‘कॅस’ नावाच्या यंत्रणेत तपासलं जातं. ते ऐकून इथे दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन उभे राहू नका. आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम आणि तुमच्या कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा आणि रीतसर मंजुरी घ्या. वेळेत कळवा, कारण लोडशीटमध्ये, म्हणजे विमानाच्या वजनाच्या हिशोबात, तुमचंही वजन धरावं लागतं.

मंजुरी खिशात असली तरी शेवटचा शब्द कॅप्टनचा. दारात आधी केबिन क्रूला नाव सांगा, मग कॉकपिटच्या उंबऱ्यावर थांबा. आत दोघं वैमानिक एफएमएस या संगणकात मार्गाची माहिती भरत असतात, कंट्रोलकडून क्लिअरन्स (उड्डाणाची परवानगी) घेत असतात. त्यांचं बोलणं थांबलं की, ‘सर, पुण्यापर्यंत जंपसीट मिळेल का?’ एवढंच विचारा. आयडी आणि लायसन्स हातात तयार ठेवा. ‘नाही’ म्हणाले तर कारण विचारायचं नाही. डीजीसीएचा इन्स्पेक्टर आला तर मुकाट्याने उठा. म्हणूनच शेवटच्या फ्लाइटच्या भरवशावर राहू नका. परत ड्यूटीवर जाताना तर आदल्या दिवशीच निघा.

सीट मिळाली की पट्टे नीट बांधा, ऑक्सिजन मास्क तपासा, इमर्जन्सीत बाहेर कसं पडायचं ते विचारून घ्या. ड्यूटीवर नसलात तरी दारूला स्पर्श नाही. खाऊ द्यायचाच तर गॅलीत (विमानाच्या पँट्रीत) द्या. बाकरवडीचे तेलकट हात थ्रॉटलला लागलेले कुणालाच आवडत नाहीत.

दहा हजार फुटांखाली अवांतर गप्पा पूर्ण बंद. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. समोर सुखोई दिसलं म्हणून मोबाइल काढलात, तर तुमच्याबरोबर कॅप्टनही गोत्यात येतील.

पण गप्प बसायचं म्हणजे डोळे मिटायचे नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला येत असताना नाक खाली घालू लागलं. कॉकपिटमध्ये तिसरा वैमानिक होता, आणि त्याची मदत झाल्याचं बातम्यांत आलं. नाक आपोआप वर-खाली करणाऱ्या ट्रिमची वीज तोडणारे कटआउट स्विच वापरले आणि ते विमान सुखरूप उतरलं. दुसऱ्या सकाळी त्याच विमानाला अपघात झाला आणि १८९ जण गेले. तेव्हा चुकीची फ्रिक्वेन्सी लागली, फ्लॅप (पंखांच्या पट्ट्या) उघडायचे राहिले, रनवेवर गाडी दिसली, तर दहा हजार फुटांचा नियम बाजूला ठेवून स्पष्ट बोला. एका वाक्यात, दिसलं तेवढंच. कंट्रोल्सना हात मात्र सांगितल्याशिवाय लावायचा नाही.

लँडिंग आदळलं तरी तोंडातून ‘अरे बापरे’ निघता कामा नये. पार्किंग चेकलिस्ट संपेपर्यंत पट्टा सोडू नका, मग हेडसेट जागेवर ठेवा, दोघांचे आभार माना आणि पायरीपाशी प्रवाशांना आधी जाऊ द्या. कॅप्टनने स्वतःहून विचारलंच, ‘कसं होतं लँडिंग?’, तर ‘सर, रनवे ओला होता’ हे उत्तर पावसाळ्यात चालून जातं.