बडोद्यातून मराठी पॉडकास्ट सुरू करताना

माइक घ्यायच्या आधीच पहिली चूक होते: आपण कोणासाठी बोलणार, हे ठरलेलं नसतं. सर्वांसाठी सर्व विषयांवरच्या गप्पा पुण्या-मुंबईत मोठ्या चमूंनिशी चालू आहेत. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या खोलीतून त्यांच्याशी टक्कर घेऊ नका. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या मुलांना मराठी वाचायची गोडी कशी लावायची, हा विषय घेतलात तर तो बडोद्याइतकाच सुरतेच्या आणि इंदूरच्या आईबापांचाही असतो. कागदावर वीस भागांची शीर्षकं लिहा. बाराव्यालाच अडलात तर विषय बदला. आणि बोली आपलीच ठेवा. बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द येतात, ते येऊ देत. ओढूनताणून आणलेली पुणेरी ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळते.

आता आवाज. नवे लोक सर्वांत जास्त इथे गळतात, म्हणून जरा सविस्तर. कंडेन्सर माइक घेऊ नका. तो रस्त्यावरचा हॉर्न आणि शेजारच्या कुकरची शिट्टीही पकडतो. तीन-चार हजारांचा यूएसबी डायनॅमिक माइक पुरतो, पण त्याच्यापासून तोंड चार बोटांवर हवं. तोंडासमोर तळहात धरून ‘फणस’, ‘भाकरी’, ‘खिडकी’ म्हणा. हाताला वारा लागतो ना? तोच माइकवर धप्प असा आदळतो. मराठीत महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात, म्हणून माइक ओठांच्या रेषेत न ठेवता गालाच्या बाजूला, तिरका ठेवा.

खोलीला फोम लावायची गरज नाही. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या, एवढ्यात घुमारा पुष्कळ कमी होतो. पंखा बंदच हवा. उन्हाळ्यात ते सोसत नाही, तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ बरी. रेकॉर्ड होताना आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्यावर आदळून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू आलेला वाढवता येतो. सुरुवातीला तीस सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर त्यावरून खोलीचा आवाज ओळखून पुसते. मात्र १२ डेसिबलपेक्षा जास्त पुसलंत तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी लाउडनेस, म्हणजे भागभराचा सरासरी मोठेपणा, मोनोसाठी (एकाच वाहिनीच्या आवाजासाठी) उणे १९ एलयूएफएस या मापावर ठेवा आणि फाइल ६४ केबीपीएसची मोनो एमपी३ काढा. वीस मिनिटांचा भाग साडेनऊ एमबीच्या आसपास बसतो, कमी डेटावरही चालतो.

उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस आणि नवरात्राच्या रात्री बडोद्यात रेकॉर्डिंग जमत नाही. त्याआधी निदान तीन भाग तयार हवेत, नाहीतर ठरलेला वार चुकतो आणि ऐकणाऱ्याची सवय मोडते.

मुखपृष्ठाचं चित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं करा. फोनवर ते नखाएवढं दिसतं आणि वेलांट्या-मात्रा पुसट होतात, म्हणून त्यावर तीनच शब्द, ठळक.

प्रत्येक भागासोबत पाच-सहाशे शब्दांचा लेख स्वतःच्या डोमेनवर टाका, कारण गुगलवर शोधणारा बहुधा लेखातूनच भागापर्यंत येतो. लेखाचा वेबपत्ता रोमन अक्षरांत ठेवा. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांत बदलतं. नुसत्या ‘मराठी’ शब्दाची पंचेचाळीस होतात. वर्डप्रेस दोनशेच्या पुढचं कापतं, म्हणजे शीर्षकाची जेमतेम बावीस चिन्हं उरतात, आणि असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की लोकांना तो फसवणुकीचा दुवा वाटतो.

ऐकणाऱ्यांची यादीही आपल्या हातात हवी. गुगल पॉडकास्ट्स हे ऐकायचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. ज्यांच्याकडे स्वतःची आरएसएस फीड (नवा भाग सगळ्या ॲपपर्यंत पोचवणारा दुवा) आणि ईमेलची यादी होती, त्यांना दुसरीकडे जाणं सोपं गेलं. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना संदेश पोचतच नाही. म्हणून नंबर सेव्ह करायला भागाच्या शेवटी स्पष्ट सांगा.

कविता वाचणार असाल तर हक्क तपासा. भारतात कवीच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर १९३७ मध्ये गेले, त्यांच्या कविता खुशाल वाचा. त्यांच्यानंतरचे राजकवी यशवंत १९८५ मध्ये गेले. त्यांच्यासाठी २०४५ संपेपर्यंत परवानगी हवी. सिनेमाचं गाणं दहा सेकंद चालतं, हा निव्वळ गैरसमज आहे.

राहिला पैसा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं. प्रत्येक जण दहा मिनिटं थांबला तरी ती चोवीस हजार दर्शनं झाली. गुगलचं जाहिरातींचं ॲडसेन्स मराठी मजकुराला २०१८ पासून चालतं, पण पैसे शंभर डॉलर जमल्यावरच बँकेत येतात, आणि त्याआधी दहा डॉलर जमले की पत्ता पडताळायला गुगलकडून पोस्टाने येणारा पिन भरावा लागतो. वाडा, पोळ, मजला असा पत्ता पूर्ण लिहा, नाहीतर पाकीट पोचत नाही. पहिल्या वर्षी यावर विसंबू नका. त्यापेक्षा दहा मुलांची आठ आठवड्यांची ऑनलाइन वाचनतुकडी लवकर उभी राहते, कारण ते आईबाप तुम्हाला आधीपासून ऐकत असतात. पहिली तुकडी कमी फी घेऊन चालवा, पण फुकट नको. फुकट आलेली मुलं तिसऱ्या आठवड्यात गळायला लागतात.

प्रायोजक आला तर त्याला एकूण डाउनलोड सांगू नका, प्रत्येक भागाचे पहिल्या तीस दिवसांतले सांगा. आकडा लहान असला तरी खरा सांगा, कारण रावपुऱ्यातला दुकानदार महिन्याभरात गिऱ्हाइकांना विचारून पडताळतो. जाहिरात आहे हे भागाच्या सुरुवातीलाच मराठीत बोला. करार दोन ओळींचा का होईना, लेखी करा, आणि निम्मे पैसे रेकॉर्डिंगच्या आधी घ्या.